कमरेइतका वाफा आणि थेंबाथेंबाने पाणी

दहा लिटरची बादली भरली की तिचे वजन दहा किलोंहून अधिक होते. गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या असतील, तर उन्हाळ्यात रोज अशा दोन बादल्या तरी लागतातच. वयाच्या चाळिशीत हा हिशेब कोणी करीत नाही. पंचाहत्तरी उलटल्यावर तो करावा लागतो, आणि बहुतेक घरांत तो उशिराच होतो.

आमच्या घरातही तसेच झाले. नाशिकच्या आमच्या घराच्या गच्चीवर सासूबाईंनी तीस वर्षे बाग राखली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एप्रिलमधील एका सकाळी, बादली घेऊन वळताना ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला. एका हातात बादली, म्हणून सावरायला दुसरा एकच हात. तोच त्यांनी जमिनीवर टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. हाडे विरळ झालेल्या वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, अशा पडण्याने मनगट मोडणे ही फार परिचित दुखापत आहे. खुब्याचे हाड वाचले, हे आमचे भाग्य.

सहा आठवडे प्लास्टर होते. घरातील सर्वांनी एकमताने ठरवले, की बाग बंद. निर्णय प्रेमापोटी होता आणि चुकीचा होता. प्लास्टर निघाले, तरी सासूबाई सकाळी अंथरुणातून उशिरा उठू लागल्या, जेवणात मन लागेना, आणि रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारीत, "कढीलिंबाला पाणी घातलंस का गं?" ज्या व्यक्तीला सकाळी जिना चढण्यासाठी कारण होते, तिचे कारणच आम्ही काढून घेतले होते. त्या चुकीतून आणि त्यानंतरच्या आणखी दोन चुकांतून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे. आपण स्वतः ज्येष्ठ असाल किंवा ज्येष्ठांची काळजी घेणारे असाल, तर ध्यानात ठेवावयाची गोष्ट एकच: आपल्या हातून बादली जावी, बागेतील फेरी जाऊ नये.

आधी वाफा, मग पाणी

शेतातील गादीवाफा वीतभर उंचीचा असतो. त्यात काम करायचे तर उकिडवे बसावे लागते. गुडघेदुखीचे सोडाच, पण रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या चालू असताना उकिडव्या स्थितीतून एकदम उठल्यास रक्तदाब झपकन उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून ज्येष्ठांसाठी वाफाच वर आणावा. उभ्याने काम करावयाचे असेल, तर वाफ्याची कड कमरेच्या किंचित खाली, साधारण ७५ सेंटिमीटरवर असावी. बांधकाम करण्यापूर्वी कोपरात हात वाकवून स्वयंपाकघरातील ओट्याजवळ उभे राहावे. ज्या उंचीवर कणीक मळताना पाठ दुखत नाही, तीच उंची खुरपणीसही सोयीची. चाकाच्या खुर्चीवरून बागकाम करणाऱ्यांसाठी वाफा टेबलासारखा, खाली गुडघे जातील असा हवा. खालची मोकळी जागा सुमारे ७० सेंटिमीटर आणि वर मातीचा पंधरा ते वीस सेंटिमीटरचा उथळ थर पुरतो. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळ्याचा पाला त्यात उत्तम येतो.

रुंदी हा अधिक महत्त्वाचा मुद्दा आहे. भिंतीला लागून असलेल्या वाफ्यात एकाच बाजूने हात जातो, म्हणून तो दोन फुटांहून रुंद करू नये. दोन्ही बाजूंनी फिरता येत असेल, तर चार फूट चालते. हात पुरत नाही म्हणून स्टुलावर चढणारे ज्येष्ठ मी पाहिले आहेत, आणि त्यांना स्टूल पुरवणारे जावईही.

आता वजन. येथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण गच्चीवर बाग करणाऱ्यांपैकी फार थोडे लोक हा विचार करतात. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते. म्हणजे गच्चीवर केवळ एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर पसरला, तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५०० किलो भार येतो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात माणसे आणि सामान यांचा जो भार धरलेला असतो, तो चौरस मीटरला जवळपास १५० किलोंचा आहे. फरक आपणच पाहा. विटा रचून कमरेइतका मातीने भरलेला वाफा अंगणात शोभतो. गच्चीवर तो धोक्याचा आहे. गच्चीवर टेबलासारखा, वीतभर खोलीचा वाफाच घ्यावा आणि त्यात माती नाममात्र ठेवून पालापाचोळ्याचे खत, कंपोस्ट व कोकोपीट यांचे हलके मिश्रण भरावे. ‘प्रयोग परिवार’चे श्री. अ. दाभोळकर यांनी पालापाचोळ्यावर वाढणाऱ्या घरगुती बागेचा विचार महाराष्ट्रात रुजवला, तो गच्चीच्या बाबतीत आजही तंतोतंत लागू पडतो. मात्र असे मिश्रणही भिजल्यावर मातीच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे होते. त्यामुळे वाफे गच्चीच्या मध्यभागी न ठेवता भिंती व तुळयांच्या वर, एकमेकांपासून अंतर राखून ठेवावेत. इमारत जुनी असेल किंवा स्लॅबला ओल असेल, तर प्रथम संरचना अभियंत्याला दाखवावे. सोसायटीत राहत असाल, तर परवानगीही लेखी घ्यावी.

आमच्याकडे असे तीन वाफे आहेत. प्रत्येक चार फूट लांब, दोन फूट रुंद, लोखंडी चौकटीवर ठेवलेला. एकात पालेभाज्या, एकात वांगी-मिरच्या, तिसऱ्यात सासूबाईंच्या मर्जीने जे येईल ते.

गळंतीचे तत्त्व

वैशाखात तुळशीवर किंवा महादेवाच्या पिंडीवर गळंती बांधण्याची आपली रीत आठवावी. बुडाला बारीक छिद्र असलेले पात्र, छिद्रात दर्भाची काडी किंवा कापडाची वात, आणि दिवसभर टपकणारे थेंब. ठिबक सिंचन म्हणजे याच कल्पनेला नळी जोडणे. प्लास्टिकच्या नळीतून मोजके पाणी सोडणारा ड्रिपर १९६० च्या दशकात इस्रायलमध्ये सिम्खा ब्लास यांच्या प्रयत्नांतून घडला, आणि पुढे जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाने हे तंत्र आपल्या केळी-द्राक्षांच्या शेतांपर्यंत नेले. त्याचा आपल्याला मिळणारा लाभ असा, की लागणारे सर्व सामान कोणत्याही तालुक्याच्या गावी ठिबकच्या दुकानात किरकोळ भावाने मिळते. घरगुती संच म्हणून आकर्षक खोक्यात मिळणाऱ्या वस्तूंसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. दुकानदार एकरांच्या भाषेत बोलतो, आपण फुटांच्या भाषेत बोलतो, एवढेच.

आमची दुसरी चूक येथे झाली. दुकानदाराने सर्वांत महागडे, दाब कमीजास्त झाला तरी सारखेच पाणी देणारे ड्रिपर दिले. शेतात ते उत्तम, कारण तेथे मोटारीचा दाब असतो. आमच्याकडे पाणी उंचावरच्या पिंपातून नुसते उतरून येणारे. तेवढ्या अल्प दाबाला ते ड्रिपर नीट चालतच नाहीत. निम्मे कोरडे राहिले. गच्चीसाठी साधे, उघडून धुता येणारे, ताशी चार लिटरचे ड्रिपर घ्यावेत. त्यावरील चार लिटरचा आकडा मात्र खरा धरू नये. तो सुमारे दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याच्या दाबासाठी असतो. आपल्या पिंपाची उंची वाफ्यापासून जेमतेम एक मीटर असते. दाब दहाव्या हिश्शावर आला, की अशा ड्रिपरमधील प्रवाह वर्गमुळाच्या हिशेबाने साधारण एक-तृतीयांशावर येतो. म्हणजे ताशी सव्वा लिटर. आपल्या कामाला हा संथपणाच उपयोगी आहे. पाणी मुळांपाशी मुरते, वाहून फरशीवर येत नाही. ज्या ओल्या फरशीने सासूबाईंना पाडले, ती आता कोरडी असते.

जोडणी अशी करावी. झाकणाचे, काळे किंवा गडद रंगाचे पंचवीस लिटरचे पिंप घ्यावे. पारदर्शक पिंपात उन्हाने शेवाळ धरते. ते जिन्याच्या खोलीच्या भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी ब्रॅकेटवर असे बसवावे, की त्याचे बूड वाफ्याच्या कडेपेक्षा सुमारे ८५ सेंटिमीटर वर राहील. ब्रॅकेटचे काम वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावे, विटांच्या थप्पीवर भागवू नये. पिंपात पाणी येण्यासाठी वरच्या मोठ्या टाकीतून एक नळी आणावी, म्हणजे उचलण्याचा प्रश्नच उरत नाही. पिंपाच्या बुडापासून दोन बोटे वर छिद्र पाडून रबरी वॉशरसह नळी काढावी, कारण तळाशी गाळ बसतो. या नळीवर प्रथम कॉक, मग १२० मेशची जाळीची गाळणी. कॉक कमरेच्या उंचीवर असावा आणि लांब दांड्याचा असावा. सांधेदुखीच्या बोटांना गोल मूठ फिरवता येत नाही; दांडा तळहाताने ढकलला तरी फिरतो. आम्ही त्या दांड्याला लाल रंग दिला आहे.

गाळणीपुढे सोळा मिलिमीटरची काळी नळी, शेतकरी जिला लॅटरल म्हणतात ती, तिन्ही वाफ्यांपर्यंत न्यावी. जमिनीवरून मुळीच नेऊ नये. पायात अडकणारी नळी बादलीहून वाईट. आमची कठड्याला खिळपट्ट्यांनी बांधलेली आहे. दोन फूट रुंद वाफ्यात लांबीच्या दिशेने दोन नळ्या पुरतात. कडेपासून अर्ध्या फुटावर एक आणि तिच्यापासून एक फुटावर दुसरी. प्रत्येक नळीवर फूटभर अंतराने ड्रिपर. त्यासाठी दुकानात मिळणाऱ्या पंचनेच छिद्र करावे. तापवलेल्या खिळ्याने केलेले छिद्र हमखास गळते. चार फुटांच्या वाफ्यात असे आठ ड्रिपर बसतात, तीन वाफ्यांत चोवीस. नळीचे शेवटचे टोक बुचाने बंद करावे, पण पहिल्यांदा पाणी सोडताना सर्व बुचे काढून ठेवावीत, म्हणजे आतील हवा आणि प्लास्टिकचा कीस निघून जाईल. कमी दाबाच्या नळीत हवेचा एक बुडबुडाही पाणी अडवतो. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, म्हणून वाफ्यांच्या पायांखाली पाचरी देऊन सर्वांची पातळी एक करावी. नाहीतर खालच्या वाफ्याला जास्त पाणी मिळते आणि वरचा सुकतो. जोडणीचे सारे काम घरातील तरुणांना एका रविवारी जमते.

किती पाणी, आणि कोणी सोडायचे

कडक उन्हाळ्यात नाशिक-पुण्याकडील उघड्या गच्चीवर वाफ्याच्या प्रत्येक चौरस मीटरला दिवसाला सहा ते आठ लिटर पाणी धरावे, थंडीत त्याच्या निम्मे. आमच्या एका वाफ्याला मे महिन्यात पाच ते सहा लिटर लागते. तिन्ही मिळून सतरा-अठरा लिटर. चोवीस ड्रिपरमधून ते सुमारे पाऊण तासात उतरते. हा आकडा आरंभापुरता समजावा. खरा निर्णय बोटाने करावा: तर्जनी दोन पेरे मिश्रणात खुपसावी, ओल लागली तर पाणी नको. वाफ्याखालून पाणी टपकू लागले, तर आदल्या दिवशी जास्त झाले. वाळलेला पाला किंवा उसाचे पाचट वर पसरले, की गरज बरीच उतरते. पावसाळ्यात कॉक बंदच असतो. पावसाने चार दिवस ओढ दिली, तरच उघडावा.

आता तिसऱ्या चुकीकडे येते. पिंप बसवण्यापूर्वी आम्ही उत्साहाने नळाला लावण्याचे, बॅटरीवर चालणारे टायमर आणले होते. ठरल्या वेळी पाणी सुटे, ठरल्या वेळी थांबे. बाग टवटवीत झाली आणि सासूबाईंनी गच्चीवर येणे सोडले. "तुमचं यंत्र करतंय की सगळं. माझं काय काम तिथे?" त्या म्हणाल्या. त्यात रुसवा होता, पण चूक नव्हती. टायमर आता कपाटात असतो आणि आम्ही सर्व गावी गेलो, तरच बाहेर निघतो. तेव्हाही निघण्याच्या तीन दिवस आधी तो लावून पाहतो; निघण्याच्या सकाळी लावलेल्या टायमरवर विश्वास ठेवू नये.

एरवीची वाटणी अशी. संध्याकाळी मी किंवा माझा मुलगा पिंप भरतो. सकाळी सातच्या सुमारास सासूबाई वर येतात आणि लाल दांडा फिरवतात. पिंपात एका दिवसाचेच पाणी असते, त्यामुळे कॉक बंद करायचा राहिला तरी काही बिघडत नाही. पिंप रिकामे होते, एवढेच. फार तर वाफ्यांना थोडे जास्त मिळते. संध्याकाळी भरण्यापूर्वी मात्र दांडा आडवा आहे ना, ते पाहावे लागते. ज्यांच्या घरी विसराळूपणा वाढत चाललेल्या व्यक्ती आहेत, त्यांनी या युक्तीचा अवश्य विचार करावा. मोठ्या टाकीला थेट जोडलेला कॉक उघडा राहिला, तर टाकी रिकामी, गच्ची ओली आणि घरात बोलणी. बोलणी खाल्लेली व्यक्ती पुन्हा कॉकला हात लावत नाही. ज्या चुकीने नुकसान होत नाही, ती चूक कोणाला रागावून दाखवावीही लागत नाही.

पाऊण तास पाणी चालू असताना सासूबाई वाफ्याच्या कडेला हात टेकून फेरी मारतात. पिवळी पाने खुडतात, मिरच्या मोजतात. तुळशीला आम्ही ड्रिपर लावलेला नाही. तिला तांब्याने पाणी घालण्याचे काम त्यांचेच आहे. जीवामृत किंवा खताचे पाणीही तांब्यानेच द्यावे. ते पिंपात ओतल्यास ड्रिपर दोन दिवसांत तुंबतात.

निगा आणि सावधगिरी

आठवड्यातून एकदा गाळणीची जाळी धुवावी, महिन्यातून एकदा नळ्यांची बुचे काढून पाणी वाहू द्यावे. बोअरचे पाणी असल्यास ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार जमतो. ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ठेवले, की तो सुटतो. शेतात यासाठी तीव्र आम्ल वापरतात, ते घरी आणू नये. तपासणीची सोपी रीत म्हणजे ड्रिपरखाली दहा मिनिटे वाटी धरणे. आमच्याकडे सुमारे २०० मिलिलिटर जमतात. त्याच्या निम्म्याहून कमी जमले, तर तो ड्रिपर उघडून धुवायचा. वापरलेल्या सलाइनच्या नळ्या झाडांना लावण्याची एक चाल पडली आहे, तीही टाळावी. तो रुग्णालयीन कचरा आहे.

डासांविषयी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि उष्ण हवेत साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यांतून नवे डास उडतात. कुंड्यांखालच्या थाळ्या हे त्याचे आवडते ठिकाण. ठिबकामुळे थाळ्यांची गरजच उरत नाही. त्या उचलून टाकाव्यात. पिंपाचे झाकण घट्ट असावे, हवेच्या छिद्राला बारीक जाळी बांधावी आणि आठवड्यातून एक दिवस पिंप पूर्ण कोरडे ठेवावे.

मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी गच्चीवर अनवाणी मुळीच जाऊ नये. तापलेल्या फरशीने फोड येतात आणि ते कळतही नाहीत. चपलेपेक्षा मागे पट्टा असलेली, न घसरणारी पादत्राणे बरी. मातीत हात घालताना हातमोजे असावेत, आणि धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली नसेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी वांग्याच्या काट्यांपासूनही जपावे. उन्हाळ्यात नऊच्या आत खाली उतरावे. जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा असावा. आमच्याकडे एकाच बाजूला होता, दुसरा आम्ही मनगट मोडल्यानंतर बसवला.

परवाची गोष्ट. मी वाट्या लावून चोवीसही ड्रिपर तपासले आणि सारे ठीक असल्याचे जाहीर केले. सासूबाईंनी मेथीच्या वाफ्याकडे बोट दाखवले. कोपऱ्यातील रोपे इतरांपेक्षा किंचित फिकी होती. मी तो ड्रिपर उघडला, तेव्हा आत शेवाळाचा धागा निघाला. पाणी येत होते, पण थांबून थांबून. वाटीत ते दिसले नव्हते.